संदेशाचा पाट : संगणकाच्या जाळ्यातील मध्यस्थ साधने, त्यांचे कार्य व निगा

आषाढ लागला की भंडारा जिल्ह्यात रोवणीची घाई उडते. बांधीत चिखल तयार असतो, पऱ्हे उपटून ठेवलेले असतात, मजुरांसाठी घरोघर हिंडावे लागते. आणि बहुधा नेमक्या त्याच दिवसांत पीक विम्याची मुदत संपत येते. शेतकरी अर्धा दिवस मोडून ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात जातो. तेथे संगणक परिचालक पडद्याकडे पाहून सांगतो, “लिंक नाही, उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर मिळते. पुढे दिवाळीच्या सुमारास आधारभूत धान खरेदी केंद्राच्या नोंदणीच्या वेळी हाच अनुभव पुन्हा येतो. ह्यात परिचालकाचा दोष असतोच असे नाही. त्यालाही लिंक का नाही हे पुष्कळदा ठाऊक नसते.

“लिंक नाही” ह्या शब्दांत बिघाडाचे ठिकाण कळत नाही आणि उपायही कळत नाही. विहिरीचे पाणी शेतात पोहोचले नाही, तर आपण “पाणी नाही” एवढे म्हणून स्वस्थ बसत नाही. वीज आहे काय, मोटार फिरते काय, पाइप फुटला आहे काय, पाट कोठे बुजला आहे काय, हे क्रमाने पाहतो. जेथे खोट सापडेल तेथे फावडे चालवितो. संगणकाच्या बाबतीतही हेच करणे शक्य आहे. त्यासाठी गावातील संगणक आणि दूरच्या शहरातील मुख्य संगणक यांच्या दरम्यान कोणकोणती साधने उभी आहेत व प्रत्येकाकडे कोणते काम सोपविले आहे, एवढे समजले पाहिजे. ह्या साधनांस मध्यस्थ साधने असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात त्यांचीच माहिती दिली आहे.

मामा तलावाचा दाखला

आपल्या जिल्ह्यातील जुने मालगुजारी तलाव, ज्यांस आपण मामा तलाव म्हणतो, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी हे तलाव बांधले. त्यांची रचना नीट पाहिली तर तीत तीन प्रकारची कामे दिसतात. तलाव पाणी साठवितो, बांधी ते वापरते, आणि ह्या दोहोंच्या मधील तुडूम, पाट, फाटे व बांधीच्या धुऱ्याला पाडलेली वाट ही पाणी पुढे नेण्याचे काम करतात. मधल्या साधनांना स्वतःसाठी पाणी नको असते. वरून आलेले पाणी योग्य वाटेने खाली सोडणे, हेच त्यांचे कर्तव्य.

संगणकाच्या जाळ्यातही तीच विभागणी आहे. माहिती साठविणारा दूरचा संगणक हा तलावासारखा समजावा. त्यास सर्व्हर म्हणतात. ग्रामपंचायतीतील संगणक किंवा आपल्या हातातील मोबाइल ही बांधी होय. मधली साधने म्हणजे स्विच, राउटर, वायफायचे यंत्र, काचेच्या तंतूच्या दोन्ही टोकांवरील पेट्या इत्यादी. ती माहिती निर्माण करीत नाहीत, वापरीतही नाहीत. एका बाजूने घेतात, पत्ता वाचतात व दुसऱ्या बाजूने पुढे देतात.

एक फरक मात्र आरंभीच ध्यानी घ्यावा. पाटाचे पाणी एकाच दिशेने, उताराकडे वाहते. संदेशाचा पाट दोन्ही दिशांनी वाहतो. आपला अर्ज वर जातो आणि त्याची पोच खाली येते. दोहोंपैकी कोणतीही वाट बंद झाली तरी काम अडते.

संदेशाची पाकिटे

आपण पडद्यावर अर्ज भरून कळ दाबली की तो अर्ज सबंधचा सबंध तारेतून जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, ज्यास पाठवावयाचे त्याचा पत्ता व तुकड्याचा अनुक्रम घातला जातो. अशा तुकड्यास पाकीट म्हणावे. नेहमीच्या जाळ्यात एका पाकिटात सुमारे दीड हजार बाइट मावतात. एक बाइट म्हणजे साधारणपणे एक इंग्रजी अक्षर. पिकाचे एखादे छायाचित्र तीस लक्ष बाइटांचे असेल, तर त्याची दोन हजारांहून अधिक पाकिटे होतात. ती पलीकडे पोहोचल्यावर अनुक्रमाने जुळविली जातात व छायाचित्र पुन्हा उभे राहते. एखादे पाकीट वाटेत हरवले तर तेवढेच पुन्हा मागविता येते, हा ह्या पद्धतीचा मोठा लाभ होय.

ही कल्पना सन १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बरान यांनी व इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड येथील संस्थेकडे अशा जाळ्यावरून पहिला संदेश पाठविण्यात आला. त्या वेळी दोन्ही ठिकाणच्या मुख्य संगणकांजवळ एकेक लहान संगणक केवळ पाकिटांची ने-आण करण्यासाठी बसविला होता. आजच्या राउटरचा तो पूर्वज होय. पाच अक्षरांचा शब्द पाठवावयाचा होता. परंतु दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. थोड्या वेळाने दुरुस्ती करून काम पुढे चालू झाले. तेव्हा बिघाड हा ह्या विद्येच्या जन्मापासूनचा सोबती आहे. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाले.

स्विच : घरे ओळखणारा कोतवाल

ग्रामपंचायतीत दोन-तीन संगणक व एक छपाईयंत्र असेल, तर त्यांच्या तारा एका चपट्या पेटीत येऊन मिळतात. तिला स्विच म्हणतात. विजेच्या बटणाशी ह्या स्विचचा काही संबंध नाही.

पूर्वी हे काम हब नावाची पेटी करीत असे. तिची रीत दवंडीची होती. एका संगणकाने काही पाठविले की हब ते सर्वांना ऐकवी; ज्याचे असेल तो घेई, बाकीचे सोडून देत. दोघे एकदम बोलू लागले की दोघांचेही बोलणे फुकट जाई. स्विचची रीत जुन्या गावकोतवालासारखी आहे. कोण कोठे राहतो हे त्याला ठाऊक असते व तो निरोप नेमक्या घरी देतो.

ही ओळख त्याला कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक यंत्राच्या जोडणीस कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. एखाद्या यंत्राकडून पाकीट आले की स्विच त्यावरील पाठविणाऱ्याचा क्रमांक वाचतो आणि “हा क्रमांक तिसऱ्या खिडकीवर आहे” अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. पुढे त्या क्रमांकासाठी पाकीट आले म्हणजे ते फक्त तिसऱ्या खिडकीतून सोडतो. ज्याची नोंद नाही त्याचे पाकीट मात्र तो सर्व खिडक्यांतून सोडून पाहतो. काही मिनिटे एखाद्या यंत्राकडून काहीच आले नाही तर त्याची नोंद पुसून टाकतो. कोणी शिकविल्यावाचून, केवळ येणारी पाकिटे पाहून, तो आपला तक्ता तयार करतो.

येथे एक चूक टाळली पाहिजे. खोली झाडताना किंवा टेबल हलविताना एखादी सुटी तार दिसते आणि कोणीतरी तिची दोन्ही टोके एकाच स्विचच्या दोन खिडक्यांत बसवितो. साध्या स्विचमध्ये असे झाले की सर्वांसाठी सोडलेले पाकीट एका खिडकीतून निघून दुसऱ्या खिडकीतून परत येते, पुन्हा सुटते आणि गरगर फिरत राहते. क्षणार्धात अशी असंख्य पाकिटे होऊन सारे जाळे तुंबते. दिवे जोराने लुकलुकत असतात, पण काम काहीच होत नाही. ती एक तार काढताच जाळे मोकळे होते. म्हणून कोणत्याही तारेचे दुसरे टोक कोठे जाते हे पाहिल्याखेरीज ती जोडू नये.

वायफाय : तारेवाचूनची खिडकी

मोबाइल किंवा मांडीवरचा संगणक तारेवाचून जोडण्यासाठी वायफायचे यंत्र असते. ते रेडिओलहरींनी पाकिटे घेते व तारेत सोडते. त्याच्याशी जोडलेल्या सर्वांना एकाच हवेतून बोलावयाचे असल्याने प्रत्येकाला थांबून आपली संधी घ्यावी लागते. त्यामुळे पंचायतीच्या ओट्यावर वीस जण चित्रपट पाहत बसले, तर आतील अर्जाचे काम मंदावणारच. जाड भिंत व लोखंडी कपाट ह्यांमुळेही लहरी क्षीण होतात. हे यंत्र कपाटामागे न ठेवता उंच, मोकळ्या जागी ठेवावे. आणि अर्ज भरण्याचा संगणक शक्यतो तारेनेच जोडावा.

राउटर : फाट्यावरचा पाणकर

स्विचचे राज्य एका इमारतीपुरते असते. पाकीट गावाबाहेर जावयाचे झाले की राउटरचे काम सुरू होते. मोठ्या पाटाला जेथे फाटे फुटतात तेथे कोणत्या फाट्याला पाणी सोडावयाचे हे पाणकर ठरवितो. राउटरचे काम त्याच प्रकारचे आहे.

राउटर पाकिटावरील दूरचा पत्ता वाचतो. त्याच्याजवळ वाटांचा एक तक्ता असतो. अमुक प्रकारचे पत्ते ह्या बाजूला, तमुक प्रकारचे त्या बाजूला, आणि ज्यांची वेगळी नोंद नाही ते सर्व वरच्या राउटरकडे, असा तो तक्ता असतो. महत्त्वाची गोष्ट अशी की राउटरला सबंध वाट ठाऊक नसते. पुढचा मुक्काम कोणता, एवढेच तो जाणतो. लाखांदूरहून निघालेल्या पाकिटाला मुंबईपर्यंतची वाट सांगणारा एकही जाणकार वाटेत नसतो. तरीही प्रत्येक टप्प्यावरचा राउटर त्याला एकेक मुक्काम पुढे ढकलतो आणि पाकीट पोहोचते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. त्यामुळे भंडारा ते मुंबई हे अंतर तोडावयास पाकिटाला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. उशीर होतो तो मुक्कामावरच्या रांगांमुळे.

एखादा तक्ता चुकला आणि पाकीट दोन राउटरांमध्येच घुटमळू लागले तर काय? त्यासाठी प्रत्येक पाकिटावर आरंभी ६४ किंवा १२८ असा एखादा आकडा घातलेला असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते व तशी सूचना पाठविणाऱ्याकडे धाडता येते. वर सांगितलेल्या स्विचच्या पाकिटावर असा आकडा वाचण्याची सोय नसते, म्हणूनच तेथे एका तारेच्या चुकीने एवढा घोटाळा होतो.

कार्यालयातील राउटर आणखी एक काम करतो. आतील संगणकांना तो घरगुती पत्ते देतो; ते पुष्कळदा १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होतात. हे पत्ते कार्यालयाबाहेर चालत नाहीत. बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी बाहेरचा पत्ता घालतो आणि कोणत्या संगणकाने काय मागितले याची नोंद ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते ज्याचे त्याला देतो. ही नोंदवही त्याच्या तात्पुरत्या स्मरणात असते. वीज गेली की ती पुसली जाते. अर्ज अर्धा भरला असता वीज खेळली, तर पुन्हा आरंभापासून भरावा लागण्याचे हेही एक कारण असते.

काचेचा तंतू आणि पाळीचे तत्त्व

गावोगावच्या ग्रामपंचायती काचेच्या तंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने, जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने सन २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे सन २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. आपल्या जिल्ह्यातील ज्या ग्रामपंचायतींत ही केबल आली आहे तेथे भिंतीवर किंवा कपाटात एक लहान पेटी दिसेल. तिला ओएनटी म्हणतात. तारेतील विजेच्या खुणांचे प्रकाशाच्या खुणांत व प्रकाशाच्या खुणांचे विजेच्या खुणांत रूपांतर करणे हे तिचे काम. तिचा वरचा जोडीदार ओएलटी हा तालुक्याच्या ठिकाणी किंवा जवळच्या दूरध्वनी केंद्रात असतो.

ओएलटीपासून प्रत्येक गावाला स्वतंत्र तंतू नेणे फार खर्चाचे झाले असते. म्हणून एकच तंतू काही अंतर नेऊन वाटेत त्याला फाटे फोडतात. फाटे फोडणाऱ्या काचेच्या लहान साधनास स्प्लिटर म्हणतात. त्याला वीज लागत नाही. जसा पाट दुभागला की पाणीही दुभागते, तसा येथे प्रकाश दुभागतो. म्हणून किती फाटे फोडावयाचे ह्याला मर्यादा असते. ह्या पद्धतीत सामान्यतः वीस किलोमीटरपर्यंत संदेश नेता येतो.

वरून खाली येणारा प्रकाश सर्व फाट्यांत सारखाच शिरतो. म्हणजे शेजारच्या गावाची पाकिटेही आपल्या पेटीपर्यंत येतात. पण ती गुप्त लिपीत असतात आणि प्रत्येक ओएनटी फक्त आपल्या नावाची पाकिटे उचलते. खालून वर जाताना मात्र अडचण उभी राहते. सर्व गावांनी एकदम प्रकाश सोडला, तर संगमावर त्यांची सरमिसळ होऊन कोणाचेच काही कळणार नाही. म्हणून ओएलटी प्रत्येक ओएनटीला पाळी ठरवून देतो. तुझ्या वाट्याला एवढा क्षण, त्यानंतर पुढच्याचा. प्रत्येक गावचे अंतर मोजून तो ही पाळी अशी बसवितो की लांबच्या व जवळच्या गावांचे प्रकाश एकमेकांवर आदळू नयेत. ही पाळी सेकंदाच्या अत्यंत लहान अंशाची असते व ज्याला अधिक पाठवावयाचे असेल त्याला मोठी दिली जाते. पाटाच्या शेवटच्या बांधीलाही पाणी मिळावे म्हणून पाळीची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते.

फाट्यांच्या ह्या रचनेत एक उणीव आहे. मुख्य तंतू तुटला की त्यावरील सर्व गावे एकदम अंधारात जातात. सन २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमात गावे कड्याच्या आकारात जोडावयाचे व ग्रामपंचायतीत राउटर बसवावयाचे ठरले. कडे असले की एका बाजूने तंतू तुटला तरी राउटर दुसऱ्या बाजूने पाकिटे वळवू शकतो. एकाच बांधीला दोन पाटांनी पाणी येण्याची सोय असावी, तसे हे आहे.

ज्या गावी केबल नाही तेथे मोबाइलचा मनोरा हाच मध्यस्थ असतो. मोबाइलपासून मनोऱ्यापर्यंत रेडिओलहरी व तेथून पुढे तंतू किंवा पुन्हा रेडिओलहरी, असा तो मार्ग असतो. ई-पीक पाहणी ही सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली. ती मोबाइलवरून करीत असताना पाकिटे ह्याच मार्गाने जातात.

सांडव्यावरून जाणारे पाणी

मुदतीच्या अखेरच्या दिवशी साधने सर्व नीट असूनही काम का मंदावते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर तलावाच्या सांडव्यात आहे.

प्रत्येक राउटरजवळ थोडी साठवण असते. येणारी पाकिटे अधिक व जाणारी वाट अरुंद झाली की पाकिटे तेथे रांगेत थांबतात. साठवण भरली म्हणजे पुढे येणारी पाकिटे टाकून दिली जातात. भरल्या तलावाचे पाणी सांडव्यावरून जाते, त्याप्रमाणे हे घडते. यंत्र बिघडले असा त्याचा अर्थ नव्हे. पाठविणाऱ्या संगणकाला काही वेळ पोच मिळाली नाही की तो ते पाकीट पुन्हा पाठवितो आणि गर्दी ओळखून आपला वेगही कमी करतो. सर्वांनी असा वेग आवरल्यामुळेच जाळे पूर्ण तुंबत नाही.

ह्यावरून व्यवहाराची एक गोष्ट निघते. पडदा हलत नाही म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबू नये. त्याने रांगेत भरच पडते, आणि क्वचित एकच अर्ज दोनदा जातो. शक्यतो मुदतीच्या आधी व सकाळी लवकर किंवा सायंकाळी उशिरा काम उरकावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाड्या-वस्त्यांना दिवस वाटून दिले तर पुष्कळ त्रास वाचेल.

पहारा

बाहेरून येणाऱ्या पाकिटांतील नको ती अडविण्याचे काम फायरवॉल करते. लहान कार्यालयात ती राउटरमध्येच असते. कोणते पाकीट आपल्या मागणीचे उत्तर आहे व कोणते आगंतुक आहे, हे पाहून ती आत सोडते किंवा अडविते. मात्र राउटर व वायफाय ह्यांचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तसाच ठेवला तर हा पहारा व्यर्थ होय. कुलूप लावून किल्ली दारावर टांगण्यासारखेच ते आहे. शब्द बदलावा व तो भिंतीवर लिहू नये. गावकऱ्यांचे आधार क्रमांक व बँकेची खाती ह्याच वाटेने जातात, ह्याचे भान असावे.

बिघाड शोधण्याची रीत

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. लिंक नाही असे दिसल्यास पुढील क्रमाने पाहावे.

१. वीज : ओएनटी, राउटर व स्विच ह्या तिन्ही पेट्यांचा विजेचा दिवा लागला आहे काय? पुष्कळदा संगणक बॅटरीवर चालू असतो, पण ह्या पेट्या बंद पडलेल्या असतात.

२. आतील तार : संगणकाची तार ज्या खिडकीत आहे तेथील दिवा लागतो काय? लागत नसेल तर टोक काढून पुन्हा घट्ट बसवावे, दुसरी तार लावून पाहावी.

३. राउटर : संगणकावरून राउटरला हाक देऊन पाहावी. पिंग नावाची आज्ञा ह्यासाठी असते. राउटरचा पत्ता बहुधा त्याच्या तळाशी छापलेला असतो. त्याचे उत्तर आले तर कार्यालयातील साधने ठीक आहेत व बिघाड बाहेर आहे, असे समजावे.

४. ओएनटी : तिच्यावरील ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर असेल तर तालुक्याच्या पेटीशी तिची ओळख पटली आहे. एल, ओ, एस ह्या अक्षरांचा दिवा तांबडा लागला असेल तर तिच्यापर्यंत प्रकाशच येत नाही. म्हणजे तंतू कोठेतरी तुटला, वाकला किंवा निसटला आहे.

५. शेजार : तांबडा दिवा दिसताच त्याच बाजूच्या दोन ग्रामपंचायतींस दूरध्वनी करावा. तेथे काम चालू असेल तर खोट आपल्या फाट्यात आहे. तेथेही बंद असेल तर खोट मुख्य तंतूत किंवा वरच्या केंद्रात आहे.

६. दूरचा संगणक : सर्व दिवे ठीक, इतर संकेतस्थळे उघडतात, पण एकच उघडत नाही, असे झाल्यास त्या सर्व्हरवर गर्दी किंवा बिघाड आहे. अशा वेळी गावातील पेट्यांस हात लावू नये.

पहिल्या तीन बाबींत उलगडा न झाल्यास पेट्यांची वीज बंद करून एक मिनिट थांबावे. नंतर प्रथम ओएनटी, मग राउटर, मग स्विच व शेवटी संगणक ह्या क्रमाने चालू करावे. त्यायोगे चुकलेले तक्ते पुसले जाऊन नवे तयार होतात. पेटीच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून आतील कळ मात्र दाबू नये. तिने यंत्राची सर्व मांडणी नाहीशी होते व तंत्रज्ञ आल्यावाचून काम सुरू होत नाही.

तक्रार करताना “लिंक नाही” असे न लिहिता “सकाळी १० पासून ओएनटीवर तांबडा दिवा, वीज चालू, शेजारच्या गावी काम चालू” असे लिहावे. अशा तक्रारीने दुरुस्तीस येणाऱ्या माणसाला कोठे जावयाचे ते कळते व त्याचा अर्धा शोध वाचतो.

निगा

काचेच्या तंतूची केबल घडी पडेल अशी वाकवू नये, तिच्यावर वजन ठेवू नये. तंतूचे टोक काढल्यास त्यात डोकावून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास इजा करू शकतो. टोकाला धूळ किंवा बोटाचा मळ लागला तरी प्रकाश क्षीण होतो, म्हणून टोपण लावून ठेवावे. उंदरांचा बंदोबस्त करावा.

आपल्याकडे मृगाच्या सुमारास व परतीच्या पावसात विजा फार चमकतात. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. ती येते विजेच्या व तांब्याच्या तारांतून. मेघगर्जना दुरून ऐकू येताच पेट्यांची जोडणी काढावी. वादळ डोक्यावर आल्यावर तारांना हात लावू नये. जमिनीशी केलेली विद्युतजोडणी, म्हणजे अर्थिंग, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावी. वीज गेल्यावर पेट्या काही तास चालतील अशी बॅटरी असल्यास उत्तम.

रस्त्याच्या कडेने नळाची वाहिनी, नाली किंवा शेताची वाट खोदण्यापूर्वी तेथून केबल गेली आहे काय, ह्याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी. खोदयंत्राचा एक दात बसला तर अनेक गावांचे काम बंद पडते. केबल तुटल्यास ती मातीआड लपवू नये. जागा दाखवून कळविल्यास दुरुस्ती लवकर होते.

गावाचे काम

मालगुजारी असेतोवर तलावाची पाळ, तुडूम व पाट ह्यांची देखभाल गावात होत असे. सन १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे आले. जमीनदारीचा जाच संपला हे योग्यच झाले. परंतु तलावाची काळजी दुसरे कोणी घेईल अशी समजूत पसरून पुष्कळ ठिकाणी गाळ साचला, पाट बुजले. पुढे जेथे गावकरी पुन्हा एकत्र आले तेथे तलावही सुधारले.

ह्या नव्या पाटाचे तसे होऊ देऊ नये. पेट्या शासनाच्या असल्या तरी त्यांवर अवलंबून असलेला विमा, सातबारा व धानाचा चुकारा आपला आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत ह्या पेट्या गावकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवाव्या, वरील सहा बाबींचा तक्ता भिंतीवर लावावा आणि प्रत्येक बिघाडाची वेळ, दिव्यांची स्थिती व दुरुस्तीचा दिवस ह्यांची नोंदवही ठेवावी. शाळेतील वरच्या वर्गातील मुलामुलींस हे काम सहज जमेल. पुढच्या रोवणीत कोणी “लिंक नाही” म्हणाले, तर “कोणत्या पेटीवर दिवा नाही?” असे शेतकऱ्याने विचारावे व त्याचे उत्तर मिळावे, एवढी तयारी प्रत्येक गावाने ह्या पावसाळ्यापूर्वी करावी.